आयुधपूजेचा चंबू

निसर्गाचे नियम माणसाची पायरी पाहत नाहीत. राजवाड्यातली साखर आणि चाळीतली साखर पाण्यात एकाच नियमाने विरघळते. हे वाक्य त्रिविक्रमने प्रयोगशाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं, आणि हेडमास्तर श्रीधररावांनी ते सकाळी साडेनऊला पुसायला लावलं. इन्स्पेक्टर येणार होते. त्यांना ते लागलं असतं.

“पायरी वगैरे कशाला?” श्रीधरराव म्हणाले. “सरकारी माणूस तो. पायरीवरच जगतो. ‘सुस्वागतम्’ लिहा.”

त्रिविक्रमने ‘सुस्वागतम्’ लिहिलं. खडू हलक्या हाताने चालवला, कारण फळ्यासमोरच्या टेबलावर काचेचा चंबू होता.

साल १९५८. बंगळुरात चामराजपेटेतल्या गल्लीत मराठी मंडळींनी चालवलेल्या शाळेत त्रिविक्रम दोन वर्षं विज्ञान शिकवत होता. हुद्दा ‘तात्पुरता’. या तपासणीत विज्ञानाला मान्यता मिळाली तर शाळेला अनुदान मिळणार होतं आणि अनुदान मिळालं तर तो कायम होणार होता. नाही मिळाली, तर दिवाळीनंतर निपाणी, आणि निपाणीत व्यंकोजीमामांची तंबाखूची वखार. वखारीत माणसं दिवसभर शिंकत. सवय होते, असं मामांचं म्हणणं. त्रिविक्रमने लहानपणी सहा उन्हाळे तिथे काढले होते आणि त्याला सवय झालेली नव्हती.

इन्स्पेक्टर कृष्णमूर्तींची ख्याती अशी, की त्यांना मांडून ठेवलेल्या वस्तूंचा तिटकारा. मागच्या वर्षी एका शाळेने बरणीतला बेडूक दाखवला. साहेबांनी विचारलं, “हा काय करतो?” मास्तर म्हणाले, “सर, हा मेलेला आहे.” साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, प्राणिशास्त्र बंद. तेव्हापासून गावातला प्रत्येक विज्ञान मास्तर काहीतरी करून दाखवणाऱ्या वस्तूच्या शोधात होता.

त्रिविक्रमला ती चिकपेटेतल्या फोटो स्टुडिओत सापडली. हायपो. फोटो धुणारे वापरतात ते पांढरं, खडीसाखरेसारखं मीठ. कुठलाही पदार्थ पाण्यात एका मर्यादेपर्यंत विरघळतो. पाण्याचं पोट भरलं, की उरलेला तळाशी बसतो. पाणी तापवलं तर भूक वाढते आणि पुष्कळ जास्त मावतं. मग ते द्रावण गाळून, झाकून, कुणालाही हात लावू न देता सावकाश निवू दिलं, तर मजा होते. पाणी थंड झालेलं असतं, भूक संपलेली असते, पण आतला जादा हायपो बाहेर पडायचं नाव घेत नाही. लग्नाच्या पंगतीत पोट भरूनही माणसं बसून राहतात, तसा तो बसून राहतो. कुणी पहिलं उठायचं हाच प्रश्न. हायपोचा एक खडा वरून टाकला, की तो उठलेला पहिला पाहुणा. क्षणात सगळी पंगत उठते. पाण्यासारखं दिसणारं द्रावण डोळ्यांदेखत दगड होतं, आणि वर चंबू हाताला गरम लागतो.

अडचण एवढीच, की खड्याचंच काम हायपोची धूळही करते, आणि एखाद्या वेळी दुसरी कुठली धूळ किंवा जोराचा धक्काही करू शकतो. म्हणजे निदान पुस्तकात तसं लिहिलं होतं, आणि त्रिविक्रमचा पुस्तकावर विश्वास होता.

म्हणून प्रयोगशाळेचं मागचं दार त्याने आदल्या दिवशीच बंद केलं. ते दार गल्लीत उघडायचं आणि समोर नाचणीची गिरणी. दिवसभर पीठ उडायचं. नुसतं दार लावून भागेना, फटीतून पीठ येईच. तेव्हा त्याने आणि शिपाई पिराजीने मिळून मोठं सागवानी कपाट ढकलत नेऊन दारावर लावलं. पिराजी पन्नाशीचा, कंबर धरून म्हणाला, “सर, या बाटलीपायी मी जाणार.” श्रीधररावांना मात्र ते फार आवडलं. भिंत भरलेली दिसते, म्हणाले.

चंबू अर्धा भरला होता. वर कापसाचा बोळा. गाळून उरलेलं चार बोटं द्रावण टाकून द्यायचं जिवावर आलं, म्हणून त्रिविक्रमने तेही एका परीक्षानळीत घालून, बोळा लावून, कपाटाच्या वरच्या खणात उभं केलं. त्याच्या खिशात कागदाची पुडी होती. पुडीत हायपोचे पाच खडे.

इन्स्पेक्टर दहाला यायचे होते. सकाळी के. आर. पुरमची शाळा आटोपून इकडे, असा कार्यक्रम होता. साडेदहा झाले. मैदानावरची कवायत श्रीधररावांनी बंद केली, कारण दीडशे पोरांनी एकदम उजवा पाय आपटला की टेबल हादरत होतं. गाण्याच्या बाईंना पेटी मिटायला सांगितली. अकरा वाजता घंटासुद्धा वाजवू नका असा निरोप गेला आणि त्यामुळे तिसरा तास अजून दुसराच समजून चालू राहिला. सगळी शाळा अशी चालत होती, की आत कुणीतरी आजारी आहे.

त्रिविक्रम स्टुलावर बसून चंबूकडे बघत होता. द्रावण स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ, की बघून काहीच कळत नव्हतं. अर्ध्या-अर्ध्या तासाने श्रीधरराव दारातून डोकावत.

“आहे ना?”

“आहे, सर.”

“हलू नका.”

पावणेबाराला निरोप आला: साहेबांना उशीर, पण येणार. आणि बाराला, ज्यांचा कुणालाच विसर पडायला नको होता आणि सगळ्यांनाच पडला होता, त्या भागीरथीबाई आल्या.

भागीरथीबाई म्हणजे शाळा काढणाऱ्यांच्या पत्नी, वय सत्तर, संस्थेच्या अध्यक्ष. सगळे त्यांना अक्का म्हणत. उद्यापासून दसऱ्याची सुट्टी. म्हणजे खंडेनवमीची पूजा आजच. बंगळुरात तिला आयुधपूजा म्हणतात आणि ती कुणाला चुकत नाही. ज्याचं पोट ज्या हत्यारावर, त्याने त्या दिवशी त्या हत्याराला हळदकुंकू लावायचं. शिंप्याचं मशीन, टांगेवाल्याचा टांगा, कचेरीतलं टाइपरायटर. शाळेत अक्का दर वर्षी स्वतः फिरत: घंटा, नकाशे, श्रीधररावांची सायकल, गणिताच्या मास्तरांची छडी. सकाळी बनशंकरीच्या देवीला जाऊन त्या शेवंतीच्या माळा, लिंबं आणि एक पांढरा कोहळा घेऊन टांग्यातून उतरल्या होत्या. कोहळा शेवटी फाटकात फोडायचा. धाडकन.

“अक्का,” त्रिविक्रम हात जोडून दारातच आडवा उभा राहिला, “या खोलीची पूजा साहेब गेल्यावर केली तर?”

“का? विज्ञान म्हणजे आयुध नव्हे?”

“आहे ना, अक्का. पण आत एक... नाजूक आहे.”

“मी काय छडी घेऊन येत्येय का? फूल वाहायला येत्येय.” त्यांनी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. “सरक बाबा. तुझी नोकरी कायम व्हावी म्हणूनच देवीला सांगून आल्येय मी. आणि तूच दारात आडवा.”

त्रिविक्रम सरकला. दुसरं काय करणार? त्यांच्या मागोमाग तो टेबलाभोवती फिरला. अक्कांनी तराजूला कुंकू लावलं, स्पिरिटच्या दिव्याला लावलं, भिंगाला लावलं. उदबत्तीची राख कुठे पडते आहे त्यावर त्याचा डोळा होता. त्या चंबूपाशी आल्या आणि तेवढ्यात बाहेरून श्रीधररावांचा आवाज आला; ते ओरडत होते आणि कुजबुजतही होते, एकाच वेळी.

“मास्तर! आले! गाडी आली! या बाहेर, हार कुणाकडे आहे?”

त्रिविक्रमने पिराजीचा दंड धरला. “पिराजी, मी दोन मिनिटांत येतो. या चंबूला कुणाला हात लावू द्यायचा नाही. अक्कांनासुद्धा नाही. बाहेरून फूल, कुंकू, काय ते. बोळा निघता कामा नये. कळलं?”

“सरी, सर. ठीक हाय. कुणालाच न्हाई.”

दोन मिनिटांची आठ झाली, कारण साहेबांना आधी पाणी हवं होतं, मग हात धुवायला पाणी हवं होतं. कृष्णमूर्ती उंच, बारीक, काखेत फाइल, खिशात टोक काढलेली पेन्सिल. इथून पुढचं त्यांचं बोलणं कानडीत झालं असं धरून चालावं; त्यांना मराठी येत नव्हती, त्रिविक्रमला दोन्ही येत होत्या आणि श्रीधररावांना घाबरल्यावर एकही येत नसे.

प्रयोगशाळेत शिरताच त्रिविक्रमने चंबू पाहिला. तो जागेवर होता. बुडापासून मानेपर्यंत शेवंतीची माळ गुंडाळलेली, बोळ्यावर कुंकवाचं बोट, वर एक झेंडूचं फूल. माळेआड आतलं काही दिसत नव्हतं. पण दगड झालेला नाही हे त्याला मानेपाशी दिसलं. तिथे पाणी चमकत होतं. त्याने श्वास सोडला. पिराजी कोपऱ्यात हात बांधून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काम चोख केल्याचं समाधान होतं. अक्का कोहळा घेऊन फाटकाकडे गेल्या होत्या.

“काय दाखवता?” साहेबांनी विचारलं.

“सर, द्रावण.” त्रिविक्रमने चंबूकडे बोट केलं. “दिसायला पाणी. पण यात मावायला हवा त्याहून जास्त हायपो आहे. मी एक खडा टाकतो. सगळं द्रावण एका क्षणात घट्ट होईल.”

“स्वल्प थांबा.” साहेबांनी चष्मा पुसला. “हं. टाका.”

त्याने पुडी उघडली. झेंडू बाजूला ठेवला. बोळा काढला. सगळ्यात लहान खडा चिमटीत धरून सोडला.

खडा बुडाला. त्याच्याभोवती सरबतात साखर सुटते तशा रेघा सुटल्या. तो लहान झाला, आणखी लहान झाला, आणि अतिशय सभ्यपणे नाहीसा झाला.

साहेब वाट बघत होते. श्रीधरराव वाट बघत होते. त्रिविक्रमने दुसरा टाकला. तोही गेला. तिसरा मोठा होता. त्याला जायला जरा वेळ लागला, एवढंच. गिरणीचा पट्टा फिरत असल्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता आणि त्रिविक्रमच्या नाकात तंबाखूचा वास आल्यासारखा झाला. चौथा. पाचवा. पुडी रिकामी झाली.

“काही झालं नाही,” साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. बेडकाच्या वेळीही नव्हता म्हणे. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

त्रिविक्रमने माळ खाली ओढली. चंबू गळ्यापर्यंत भरलेला होता.

“पिराजी,” तो मराठीत म्हणाला, हसरा चेहरा तसाच ठेवून, “हे अर्धं होतं.”

“व्हय, सर. अक्काबी तेच म्हणाल्या. पूजेला ठेवलेलं भांडं अर्धं ठेवतात व्हय? तुमच्याच नोकरीची पूजा, आणि अर्ध्या भांड्यानं? त्या पाणी घालायला लागल्या. म्या म्हटलं, अक्का, हात लावू नका, सरांनी सांगितलंय. कुणाला लावू दिला न्हाई, सर. म्याच भरलं.”

“तू भरलंस.”

“बोळा काढला, भरलं, परत लावला. आत पाकासारखं तरंगत होतं, म्हणून चांगलं खळखळून हलवलं. एकजीव झालं बघा.”

सकाळपासून दीडशे पोरं ज्याच्यासाठी टाचा उचलून चालली होती, ते पिराजीने खळखळून हलवलं होतं. आणि झालं काहीच नव्हतं. नुसती पंगतीला जागा झाली होती. पाणी वाढलं, पोट पुन्हा रिकामं झालं, आता आणखी खडे टाकले असते तरी त्याने सुखाने खाल्ले असते.

“हा काय म्हणतो?” साहेबांनी विचारलं.

श्रीधररावांनी त्रिविक्रमकडे पाहिलं.

“सर, तो म्हणतो की पहिला भाग झाला,” त्रिविक्रम म्हणाला. आपला आवाज त्याला लांबून ऐकू आला. “हे असंपृक्त द्रावण. यात अजून जागा आहे, म्हणून खडा विरघळला. हे आधी पाहिलं, म्हणजे पुढचं कळतं. आता दुसरं.”

“दुसरं?” श्रीधरराव मराठीत कुजबुजले. “दुसरं कुठलं, अहो?”

त्रिविक्रम कपाटाकडे गेला. कपाटाचं दार कुरकुरलं. वरच्या खणात, जुन्या हजेरीपटांच्या आड, परीक्षानळी उभी होती. स्वच्छ. या नळीची पूजा कुणी केली नव्हती. त्याने ती दोन बोटांत धरून बाहेर काढली आणि टेबलाकडे निघाला. आठ पावलं होती. तिसऱ्या पावलाला त्याच्या लक्षात आलं, की आपल्याकडे खडा नाही.

पाचव्या पावलाला बाहेर फाटकात अक्कांनी कोहळा फोडला.

खिडकीच्या काचा वाजल्या. तराजूची पारडी हलली. त्रिविक्रम जागच्या जागी थिजला. नळीतलं द्रावण थरथरलं, त्याच्या वर्तुळाकार कडेवर एक बारीक लाट फिरली, आणि विरली. पाण्यासारखं होतं तसंच राहिलं.

“काय पडलं?” साहेब म्हणाले.

“कोहळा, सर,” पिराजी पहिल्यांदाच कानडीत म्हणाला. “तुमच्यासाठी.”

नळी टेबलावरच्या घोडीत उभी राहिली. खडा नव्हता. नवा आणायला चिकपेटेत जायला हवं होतं. साहेबांची पेन्सिल कागदावर टेकली होती. त्रिविक्रमने पुडीचा कागद पुन्हा उघडला. मधल्या घडीत पिठासारखी पांढरी रेघ होती. खडे एकमेकांवर घासून पडलेला चुरा. चिमटीतसुद्धा येण्यासारखा नाही. त्याने बोळा काढला, कागद नळीच्या तोंडावर तिरका धरला आणि नखाने एकदाच टिचकी मारली.

एक कण पडला असेल. दिसला कुणालाच नाही.

जिथे पडला तिथून पांढऱ्या सुया निघाल्या. वरून खाली, काचेच्या कडेकडेने, शेवंती उमलावी तशा, पण भराभर. श्वास घेऊन सोडेपर्यंत तळ गाठला. नळीत खडूचा तुकडा उभा केल्यासारखं दिसत होतं.

साहेबांनी पेन्सिल कानावर ठेवली, नळी उचलली आणि दचकले.

“बिसी!” ते म्हणाले. “गरम आहे! दिव्यावर तर धरली नाही!”

“नाही, सर. आतलीच उष्णता बाहेर पडली.”

साहेबांनी नळी उलटी केली. काही पडलं नाही. सुलटी केली. परत उलटी केली. मग गालाला लावून पाहिली. कृष्णमूर्ती हसले. गेल्या अकरा वर्षांत ते हसल्याचं शिक्षण खात्यात कुणाच्या ऐकिवात नव्हतं, असं श्रीधरराव पुढे पुष्कळ दिवस सांगत.

“सरी,” ते म्हणाले. “फार छान. फार छान.”

मग त्यांनी फाइल उघडली, खोलीत एक फेरी मारली, पेन्सिलीने हवेत काहीतरी मोजलं. भिंतीशी येऊन कपाटावर बोटाने टकटक केलं.

“सागवान?”

“अस्सल, सर!” श्रीधररावांना वाचा फुटली. “आमच्या संस्थापकांनी दिलेलं!”

“भक्कम आहे.” साहेबांनी लिहिलं, खिडक्यांकडे पाहिलं, लिहिलं, प्रवेशाच्या दाराकडे पाहिलं, लिहिलं, आणि फाइल मिटली. जाताना अक्कांनी दिलेलं लिंबू आणि प्रसाद त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. गाडी वळेपर्यंत सगळे फाटकात, फुटलेल्या कोहळ्याभोवती, हात जोडून उभे होते.

“बघ,” अक्का त्रिविक्रमला म्हणाल्या. “भांडं भरलं नसतं तर झालं असतं का?”

त्रिविक्रमने त्यांच्या पाया पडून घेतलं. त्या संध्याकाळी त्याने मामांना कार्ड टाकलं: दिवाळीनंतर येणं जमणार नाही, इथेच कायम होण्याची लक्षणं आहेत. पुढचा महिनाभर शाळेत त्याच्याबद्दल नळीवाले मास्तर असं बोललं गेलं, आणि गणिताच्या मास्तरांनी त्याला दोनदा कॉफी पाजली.

नोव्हेंबरच्या शेवटी अहवाल आला. तपासणीचा छापील फॉर्म अकरा पानांचा होता. त्यात मुताऱ्यांना एक पान होतं, मैदानाच्या कुंपणाला अर्धं, आणि प्रयोगशाळेला तीन ओळी: खिडक्या, दारे, शेरा. प्रयोगाला रकाना नव्हता. खिडक्या: चार. दारे: एक. शेरा: आगीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी नियमानुसार दोन दारे आवश्यक, विज्ञानास मान्यता देता येत नाही.

श्रीधररावांनी तातडीने कळवलं, की दुसरं दार आहे, कपाटामागे आहे. खात्याने तितक्याच तातडीने उत्तर दिलं, की पुढील तपासणीच्या वेळी ते दाखवण्यात यावं. पुढील तपासणी पुढच्या ऑक्टोबरात होती. संस्थेकडे तोवर विज्ञानाचा मास्तर ठेवायची सोय नव्हती. अक्कांनी डोळे पुसले आणि शिफारसपत्र दिलं.

डिसेंबरच्या पंधरा तारखेला, निपाणीला जायच्या आदल्या दिवशी, त्रिविक्रमने आणि पिराजीने कपाट परत जुन्या जागी सरकवलं. चार मिनिटं लागली.